यंत्राची चाचणी होते, यादीची कोण करणार?

लोकसभा-विधानसभेचं मतदान सकाळी सातला सुरू होतं, पण केंद्रातलं काम साडेपाचलाच सुरू झालेलं असतं. केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या पोलिंग एजंटांना समोर बसवतात, यंत्र रिकामं असल्याचं दाखवतात आणि मग लुटुपुटीचं मतदान घेतात. किमान 50 मतं. प्रत्येक उमेदवाराचं बटण दाबून बघायचं, 'नोटा'चंसुद्धा. निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी जुळवायचा, सगळं पुसायचं, त्या चिठ्ठ्यांवर 'मॉक पोल' असा शिक्का मारून त्या सीलबंद करायच्या. त्यानंतरच खरं मतदान. त्याआधीही, निवडणुकीच्या कितीतरी दिवस अगोदर, भारत इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईसीआयएलचे इंजिनिअर पक्षांच्या प्रतिनिधींसमोर प्रत्येक यंत्राची पहिली तपासणी करतात. काही यंत्रांवर तर शेकड्यांनी मतं टाकून बघतात.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे. त्या नजरेने बघितलं तर चांगल्या चाचणीची तीन लक्षणं इथे दिसतात. एक, ती खऱ्या वेळेच्या आधी होते. दोन, ज्याचा यंत्रावर विश्वास नाही तोच समोर बसलेला असतो. तीन, यंत्र नापास झालं तर ते बाजूला ठेवून दुसरं आणतात. ईव्हीएमवर तुमचे आक्षेप असतील तर ते जरूर मांडा. पण एवढं मान्य करावं लागेल की निदान ते तपासायची एक ठरलेली वेळ आहे, ठरलेली रीत आहे आणि तिथे तुमच्या माणसासाठी खुर्ची आहे.

आता मतदार यादीकडे बघा. तिची चाचणी कधी होते? बहुतेक मोहल्ल्यांत ती मतदानाच्या दिवशी होते आणि ती करतो स्वतः मतदार. तासभर रांगेत उभा राहतो, नंबर येतो, समोरचा कर्मचारी दोन-तीन पानं उलटतो आणि म्हणतो, "तुमचं नाव नाही." हातात व्होटिंग कार्ड असतं, पण कार्डाचा उपयोग ओळख पटवण्यापुरता. यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवून मत देता येत नाही. आमच्या कंपन्यांमध्ये असं काम करणाऱ्याला घरी पाठवतात. गिऱ्हाईक ऐन गर्दीत असताना सिस्टिम चालते की नाही हे बघणं याला टेस्टिंग म्हणत नाहीत.

आणि दोन्हींतल्या चुकीची किंमत बघा. यंत्र बिघडलं तर बदलतात, वाद झाला तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या असतात, फेरमतदानाची तरतूद असते. यादीतून नाव गेलं तर त्या दिवशी त्यावर काहीही इलाज नाही. मोजायला चिठ्ठी नाही, कारण मतच पडलेलं नाही. ते न पडलेलं मत कुठल्याही निकालात दिसत नाही. म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की आपल्या तरुणांनी निवडणुकीवरचा आपला सगळा संशय, सगळी हुशारी आणि सगळा वेळ आधी यादीवर खर्च करावा आणि तोही तारखा जाहीर व्हायच्या आधी.

ही रडकथा फक्त मुसलमानांची आहे असं समजू नका. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात आणि मुंबईत हजारो लोक केंद्रावरून परत आले. मुंबईत दीपक पारेख आणि अतुल कुलकर्णी यांच्यासारख्यांची नावं सापडली नाहीत. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना जाहीर माफी मागावी लागली. 7 डिसेंबर 2018 ला तेलंगणात तेच झालं. बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टाचं नाव गायब होतं आणि तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी माफी मागितली. माफी दोन्हीकडे मिळाली, मत कुठेच परत मिळालं नाही.

पण इथे एक फरक आहे. ज्याचं नाव गेल्यावर वर्तमानपत्रात बातमी होते तो पुढच्या वेळी यादीत सापडतोच. भिवंडीतला लूम कामगार, मालेगावातली नुकतीच लग्न होऊन आलेली सून, मुंब्र्यात भाड्याच्या खोलीत राहणारा रिक्षावाला यांच्यासाठी कोणी माफी मागत नाही. आणि सिस्टिमचा स्वभाव असा की ती ज्यांना डोळ्यासमोर ठेवून बांधली जाते त्यांच्यासाठी नीट चालते, बाकीच्यांपाशी अडखळते.

आपल्या नावांचंच घ्या. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव हा महाराष्ट्राचा सर्वसाधारण साचा. आपल्याकडे 'शेख सलीम चाँदसाहेब' असं आडनाव आधी लिहायची पद्धत कितीतरी घरांत आहे. शेखचं इंग्रजी स्पेलिंग एकाच घरात तीन प्रकारचं सापडतं. मोहम्मदचं कधी पूर्ण, कधी दोन अक्षरी, कधी चार अक्षरी. बाईचं नाव माहेरच्या कागदावर 'बी', सासरच्या कागदावर 'बेगम', आधारवर नुसतंच. इंग्रजीतून मराठीत आपोआप लिप्यंतर होताना त्याचं आणखी काहीतरी होतं. निवडणूक आयोगाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव, नातेवाइकाचं नाव, वय अशा तपशिलांवरून सारख्या वाटणाऱ्या नोंदी शोधायची सोय आहे. ज्या मोहल्ल्यात एकाच केंद्रावर दहा सलीम शेख आहेत, त्यांतल्या चौघांच्या वडिलांचं नाव बाबू आहे, तिथे हे सॉफ्टवेअर काय करेल याचा अंदाज बांधायला इंजिनिअर असायची गरज नाही. उलट, एकच माणूस दोन स्पेलिंगांमुळे दोन माणसं म्हणूनही राहून जातो. दोन्ही चुका खऱ्या आहेत आणि दोन्ही घरोघर जाऊन विचारल्याशिवाय सुटत नाहीत.

2025 मध्ये बिहारने हे मोठ्या प्रमाणावर दाखवलं. 24 जूनला विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश निघाला आणि 1 ऑगस्टला प्रारूप यादी आली. 7.89 कोटी मतदारांपैकी सुमारे 65 लाख नावं त्यात नव्हती. मयत, कायमचे बाहेर गेलेले, न सापडलेले, दुबार अशी कारणं सांगितली गेली. पण कोणतं नाव कोणत्या कारणाने गेलं हे केंद्रनिहाय आणि शोधता येईल अशा रूपात जाहीर करा, हे सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्टला सांगावं लागलं. एवढी मोठी उलथापालथ, पाच-सहा आठवड्यांत, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. कुठलाही शहाणा माणूस आधी एका तालुक्यात करून बघतो, चुका मोजतो आणि मगच राज्यभर नेतो. इथे अख्खं राज्यच चाचणीचा तालुका झालं.

घाईत सोडलेल्या सिस्टिमचं काय होतं हे श्रीमंत देशांनीही अनुभवलंय. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2013 ला सरकारी आरोग्य विम्याचं संकेतस्थळ सुरू झालं. तारीख आधीच जाहीर झालेली, ती हलवायची राजकीय हिंमत कोणात नव्हती. सगळे भाग एकत्र जोडून घेतलेली चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांवर ढकलली गेली होती. पहिल्या दिवशी लाखो लोक आले आणि विम्याची नोंदणी पूर्ण झाली फक्त सहा जणांची. पैसा होता, इंजिनिअर होते. नव्हती ती थांबून तपासण्याची तयारी. पण विम्याचं संकेतस्थळ पुढच्या दोन महिन्यांत दुरुस्त करता आलं. मतदानाचा दिवस गेला की पाच वर्षं गेली.

आता आयोगाशी भांडायचं ते कशावरून, हे नीट ठरवू या. प्रारूप यादी प्रसिद्ध करणं, दावे आणि हरकतींसाठी मुदत देणं ही कायद्याने ठेवलेली यादीची चाचणीच आहे. म्हणजे जनतेला टेस्टर नेमलंय. मग टेस्टरला अवजार द्या. आयोग यादी देतो ती चित्ररूप पीडीएफमध्ये, जिच्यात संगणकावर नाव शोधता येत नाही, मोजता येत नाही, जुन्या यादीशी ताडून बघता येत नाही. मतदारांच्या माहितीची गोपनीयता आणि 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ही कारणं सांगितली जातात. गोपनीयतेची काळजी मलाही आहे. पण तीच यादी छापील स्वरूपात प्रत्येक पक्षाला मिळते. ज्याच्याकडे पैसा आहे तो ती टाइप करून घेतो. अडतो तो सामान्य नागरिक. नाव वगळण्याच्या प्रत्येक प्रस्तावाची केंद्रनिहाय, कारणासह यादी मुदत संपायच्या आधी लागली पाहिजे. बिहारमध्ये कोर्टाच्या आदेशाने जे मिळालं ते इथे आदेशाविना मिळालं पाहिजे. आणि नोटीस दिल्याशिवाय, म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही. 1995 च्या लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. तो खटला दिल्ली आणि मुंबईतल्या मतदारांना दिलेल्या नोटिसांवरूनच उभा राहिला होता. यादीत आधीपासून असलेल्या माणसाच्या नोंदीला वजन आहे, हे त्या निकालाने ठरवून दिलं. हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवा.

एवढं आयोगाबद्दल. आता आपल्याबद्दल.

आपल्याकडे जलसा असला की दोन तास आधी माणूस स्टेजवर चढून "हॅलो, माइक टेस्टिंग" करतो. हजला जाणाऱ्या अम्मी-अब्बांना आपण तर्बियती कॅम्पला पाठवतो. एहराम कसा बांधायचा, तवाफची सुरुवात कुठून, मीनात हरवलं तर काय करायचं, सगळं इथेच करून घेतात, कारण तिथे गेल्यावर शिकायला वेळ नसतो हे आपल्याला माहीत आहे. 2018 च्या फेब्रुवारीत औरंगाबादजवळ लिंबेजळगावला झालेल्या इज्तेमासाठी तरुणांनी कितीतरी आधीपासून श्रमदान केलं, रस्ते, पाणी, वुजूची सोय, पार्किंग सगळं मार्गी लावलं. म्हणजे तयारी आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही. मतदानाचीच तयारी तेवढी आपण करत नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॉट्सअॅपवर 'मत वाया घालवू नका' असे मेसेज फिरतात, एखादे साहेब कौमच्या भवितव्यावर तासभर बोलतात. यादी कोणी उघडून बघितलेली नसते. दुसऱ्या दिवशी तेच साहेब कॅमेऱ्यासमोर सांगतात की आमच्या वस्तीतली शेकडो नावं गायब आहेत. भाईजान, प्रारूप यादी लागली होती तेव्हा तुम्ही कुठे होता? तुमच्या पक्षाला प्रत्येक केंद्रासाठी बूथ लेव्हल एजंट नेमता येतो. त्याचं नाव सांगा. नाव ऐकून बहुतेक जण गप्प बसतील, कारण तो नेमलेलाच नसतो, किंवा नेमला असेल तर त्यालाच ते माहीत नसतं. मुदतीत एकही हरकत न घेता निकालानंतर केलेला आरोप कितीही खरा असला तरी कोर्टात उभा राहत नाही.

आणि मुदत संपते, हे लक्षात घ्या. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 23 प्रमाणे उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादी गोठते. आमच्याकडे याला कोड फ्रीझ म्हणतात. त्यानंतर तुम्ही आमदार आणा, मंत्री आणा, एकही नाव घालता येत नाही. अर्जाच्या छाननीला लागणारे दिवस धरले तर तुमची खरी शेवटची तारीख त्याहूनही आधीची. महापालिका आणि जिल्हा परिषदेला तर याहून अवघड. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घालत किंवा काढत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन तो प्रभागांत विभागतो. म्हणजे विधानसभेच्या यादीत जी चूक तीच खाली उतरते आणि वर विभागणीच्या नव्या चुका. गेल्या महापालिका निवडणुकांच्या आधी संभाव्य दुबार नावांसमोर दोन तारे छापायची वेळ आली आणि 1 नोव्हेंबर 2025 ला विरोधी पक्षांनी याच यादीवरून मुंबईत मोर्चा काढला, हे ताजं उदाहरण आहे.

यावर मला हमखास एक प्रश्न येतो. हे काम सरकारचं, त्याचे पगार त्यांना मिळतात, आम्ही रविवार का घालवायचा? रास्त प्रश्न आहे. जबाबदारी आयोगाचीच आहे आणि ती त्याच्यावरून काढून घेऊ नका. पण ज्याने वस्तू बनवली त्यालाच तिची शेवटची तपासणी करू द्यायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. बनवणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. ज्याचं नुकसान होणार आहे त्याला ती दिसते. बीएलओ बहुधा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असते. स्वतःचं काम सांभाळून तिने हजारभर मतदारांची घरं शोधायची. आपल्या गल्लीत कोण कुठल्या माडीवर राहतं हे तिला कोण सांगणार?

आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात 2023 च्या विधानसभेआधी नाव वगळण्याचे 6,018 ऑनलाइन अर्ज आले. जागेवर जाऊन पडताळणी केली तेव्हा खरे निघाले फक्त 24. बाकीचे 5,994 चुकीचे. एका बीएलओच्या नात्यातल्याच माणसाचं नाव त्यात आलं म्हणून शंका आली, मग चौकशी, मग गुन्हा दाखल. कोणी तरी वेळेत बघितलं म्हणून ती नावं वाचली. कुठलंही हुशार सॉफ्टवेअर त्या दिवशी कामाला आलं नाही.

तेव्हा यादीचा मॉक पोल आपणच घेऊ या. एक केंद्र म्हणजे जास्तीत जास्त बाराशेच्या आसपास मतदार, म्हणजे साधारण तीनशे घरं. दहा जणांच्या पाच जोड्या, दोन रविवार. जोडीत एक मुलगी असलीच पाहिजे, नाहीतर घरातल्या बायकांची माहिती पुरुष सांगतील आणि चूक तिथेच राहील. यादीची छापील प्रत घ्यायची आणि घरोघर हेच प्रश्न. यादीतलं प्रत्येक नाव इथे राहतं का? अठरा पूर्ण झालेलं कोणी बाहेर राहिलंय का? वर्षातून एकदाच संधी मिळते असं समजू नका. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव इकडे आलं का, गेलेल्या मुलीचं तिकडे गेलं का? स्पेलिंग, वय, नात्याचं नाव बरोबर आहे का? कोणाचं नाव दोनदा आहे का? कोणाचा इंतेकाल झालाय का? नवं नाव फॉर्म 6, वगळणी फॉर्म 7, दुरुस्ती आणि पत्ताबदल फॉर्म 8. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची आणि पंधरा दिवसांनी परत बघायचं. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. पहिलं, कोणाच्या आधारचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, फोनमध्ये साठवायचे नाहीत. कागद ज्याचा त्याच्याकडे. लोकांच्या भल्यासाठी गोळा केलेली माहिती उद्या कोणाच्या हातात जाईल याचा भरवसा नसतो. दुसरं पथ्य जास्त अवघड आहे. केंद्राच्या यादीत जेवढी घरं आहेत तेवढ्या सगळ्यांकडे जायचं. मोहल्ल्याच्या टोकाला असलेली मातंग वस्ती, पलीकडची चाळ, सगळीकडे. आणि आपल्याच घरातल्या मयत माणसाचं नाव काढायचा अर्ज आपणच भरायचा, दुबार नाव आपणच दाखवायचं. जो टेस्टर स्वतःच्या सोयीच्याच चुका शोधतो तो टेस्टर नव्हे, वकील झाला. 2024 च्या प्रचारात 'व्होट जिहाद' हा शब्द आपल्याला चिकटवला गेला. त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. ज्या केंद्रावर एकही मयत नाव नाही, एकही दुबार नाही आणि एकही खरा मतदार बाहेर नाही, अशी यादी टेबलावर ठेवता येते.

हे तातडीचं आहे. 27 ऑक्टोबर 2025 ला जाहीर झालेल्या सखोल पुनरीक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा होता, महाराष्ट्र नव्हता. पण ही मोहीम देशभर राबवायची हे आयोगाने सांगितलेलंच आहे. त्यात आताची नोंद वीसेक वर्षांपूर्वीच्या यादीशी जोडून दाखवावी लागते, स्वतःची किंवा आईवडिलांची. गाव बदललेल्यांना, नाव बदललेल्या बायकांना तो दुवा शोधायला वेळ लागतो. तो शोध बीएलओ दारात आल्यावर सुरू करायचा नसतो.

2024 च्या विधानसभेला मालेगाव मध्यची जागा 162 मतांनी ठरली, राज्यातली सगळ्यात कमी आघाडी. तुम्हाला त्यातला कोण आवडतो हा इथे मुद्दा नाही. 162 मतदार म्हणजे दाट वस्तीतली जेमतेम चाळीस घरं. एवढी घरं पाच जोड्यांची एका दुपारची आहेत. पुढची निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. या जुम्याला आपल्या केंद्राची यादी कोण आणणार ते ठरवा आणि त्या माणसाचं नाव सगळ्यांसमोर घ्या.